विडीवर विडी

एकामागून एक सिगारेट ओढणाऱ्या माणसाला ‘चेन स्मोकर’ म्हणतात, हे मला शहरात आल्यावर कळलं. आमच्या बीड जिल्ह्यात त्या माणसाला वेगळं नाव नव्हतं, त्याच्याबद्दल बोलायची वाक्यं होती. ‘विझू देत नाही गडी.’ ‘विडीवर विडी चालू असती त्याची.’ आणि सगळ्यांत नेमकं वाक्य म्हणजे, ‘सकाळी एक काडी ओढली की दिवसभर दुसरी लागत नाही त्याला.’ या शेवटच्या वाक्यात विड्या मोजलेल्याच नाहीत, मोजली आहे ती काडी. काडीपेटी जपून वापरायच्या काळातलं ते वाक्य असणार. संपत आलेल्या विडीच्या टोकावर नवी विडी टेकवायची, दोन झुरके घ्यायचे, जुनी टाचेखाली चिरडायची. काडी वाचली. पण ही काटकसर करणारा माणूस विड्यांवर किती घालवतो, याचा हिशेब मात्र घरात कुणी करत नसे.

इंग्रजी शब्दातली साखळी आली ती बहुधा जर्मनीतून. इंग्रजीत हा शब्द १८८६ च्या सुमारास दिसू लागतो आणि तोही बिस्मार्कच्या संदर्भात. जर्मनीचं एकीकरण करणारा हा चॅन्सलर सिगारचा मोठा शौकीन होता. जर्मन भाषेत अशा माणसाला ‘केटनराउखर’ म्हणतात. त्यातला पहिला तुकडा साखळीचा, दुसरा धूर ओढणाऱ्याचा. इंग्रजी शब्द हा त्याचाच शब्दशः केलेला अनुवाद असावा, असं कोशकार मानतात. म्हणजे साखळीची ही उपमा पहिल्यांदा वापरली गेली ती सिगारसाठी आणि एका अत्यंत बलाढ्य माणसासाठी.

शब्द आपल्या वेळेलाच जन्माला येतात. १८८१ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या जेम्स बॉन्सॅक या तरुणाने सिगारेट वळण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. हाताने वळणारा कसबी कामगार मिनिटाला चारेक सिगारेटी वळायचा. हे यंत्र मिनिटाला दोनशेच्या घरात वळू लागलं. एवढ्या सिगारेटी ओढणार कोण? एका माणसाने दिवसाला एक ओढून त्या खपणार नव्हत्याच. एकाच माणसाने पाकीटभर ओढाव्यात, एक संपायच्या आत दुसरी पेटावी, ही त्या यंत्राची गरज होती. पुढच्या पन्नास वर्षांत सिगारमागे लागलेला शब्द सिगारेटला येऊन चिकटला आणि तिथेच राहिला. माणसाच्या एका सवयीला नाव मिळालं, एवढंच यात घडलं असं मला वाटत नाही. कारखान्याच्या वेगाला माणसाच्या फुप्फुसात जागा मिळाली.

आमच्याकडची साखळी मात्र यंत्राने घडवली नाही. विडी आजही हातानेच वळली जाते. पान टेंभुर्णीचं, ज्याला व्यापारात तेंदू म्हणतात. ते गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या जंगलातून उन्हाळ्यात तोडून येतं आणि सिन्नर, संगमनेर, सोलापूरच्या घराघरांत बायका ते भिजवून, कापून, चिमूटभर जर्दा भरून, गुंडाळून दोऱ्याने बांधतात. मजुरी ठरते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. सोलापूरजवळ कुंभारीला या विडी कामगार बायकांनी लढून दहा हजार घरांची वसाहत उभी केली, तिला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. बीडच्या बांधावर बसून विडी ओढणाऱ्याला त्या बायकांची बोटं कधी दिसत नाहीत. तंबाखूची धूळ दिवसभर नाकात जाऊन त्यांचीही छाती भरते, विडी एकदाही ओठाला न लावता.

विडीचा एक स्वभाव आहे. टेंभुर्णीचं पान कागदासारखं आपणहून जळत नाही. त्यातून हवा फारशी जात नाही. बोलता बोलता हात खाली गेला की विडी विझते. म्हणून विडी ओढणारा सारखे झुरके घेत राहतो, सिगारेटवाल्यापेक्षा कितीतरी जास्त आणि खोल. विडीत तंबाखू पाव ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सिगारेटच्या मानाने अगदी थोडी. पण ती विझू नये म्हणून जी धडपड करावी लागते, तिच्यामुळे धूर कमी पडत नाही. ‘विझू देत नाही’ या आमच्या वाक्यात ही सगळी धडपड आहे. साखळी म्हटलं की डोळ्यांपुढे कडीत कडी अडकवलेली एक तयार वस्तू येते. विझू न देणं हे मात्र काम आहे, आणि ते माणसाला दर अर्ध्या मिनिटाला नव्याने करावं लागतं.

माझे थोरले चुलते असं काम करणारे होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. माळकरी माणूस, मटण नाही, दारू नाही, एकादशी कधी मोडली नाही. पंढरपूरला जाणं झालं नाही त्या वर्षी आषाढीला ते नारायणगडावर जात. आमच्या भागात गडाला धाकटी पंढरी म्हणतात. नगद नारायण महाराजांचं हे ठिकाण. इथून पालखी पायी पंढरपूरला जाते आणि ज्यांना वारी जमत नाही त्यांची आषाढी गडावरच होते. माळ घालताना आबांनी जे जे सोडलं त्यात विडी नव्हती. तशी ती अनेकांची नसते. दिंडीच्या मुक्कामाला सामानाच्या टेम्पोमागे चार माणसं पाठमोरी उकिडवी बसलेली दिसली की समजायचं. माळ सदऱ्याच्या आत सरकवलेली असते. कुणी हसत नाही, कुणी रागावत नाही. मात्र त्या माणसांच्या तोंडावर एक ओशाळेपण असतं, ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

आबांची विडी वाढली ती रात्रीच्या लाइटमुळे. शेताला वीज रात्रीची असायची. दहाला येणार म्हणून सांगितलेली एकाला यायची, तीनला जायची. मोटार चालू करायची, दारं धरायची, बारं मोडायचं, पुन्हा येऊन विहिरीच्या काठावर बसायचं. भोवती अंधार, साप-विंचवाची धास्ती, बोलायला कुणी नाही. त्या रात्री त्यांनी विडीवर विडी ठेवून काढल्या. घरचं कुणी त्याला व्यसन म्हणायचं नाही, ‘जागरणाला लागते’ म्हणायचे. आणि ते खोटंही नव्हतं. धूर आत गेल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचतं, डोळे उघडतात, जीव थाऱ्यावर येतो. पण दोनेक तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं आणि शरीर पुन्हा मागणी करतं. ज्याला फार दिवसांची सवय आहे, त्याला तर दोन तासही निघत नाहीत. पहिल्या विडीने दिलेलं समाधान दुसरी टिकवते, आणि तिसरी-चौथीच्या पुढे समाधानाचा प्रश्नच उरत नाही. न ओढल्याने जी तगमग होते, ती थांबवायला पुढची लागते.

आपल्या जुन्या वैद्यांना धूर माहीत होता आणि मर्यादाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात धूमपानाचा विधी आहे. औषधी द्रव्यांची वात करून, तूप लावून, नळीने तिचा धूर घ्यायचा. त्यात तंबाखू नव्हती, असणं शक्यही नव्हतं. हा धूर कधी घ्यावा याचे आठ प्रसंग सांगितले आहेत: अंघोळीनंतर, जेवणानंतर, शिंकल्यावर, दात घासल्यावर वगैरे. आणि प्रसंग आठ असले तरी रोजच्या धूमपानासाठी दिवसातून दोनदाच, अशी ताकीदही आहे. अवेळी किंवा अति घेतलेल्या धुराने बहिरेपण, आंधळेपण, वाचा जाणं, रक्तपित्त, भोवळ असे विकार होतात, हेही तिथेच लिहिलं आहे. एवढी काटेकोर मोजदाद ज्या ग्रंथात आहे, त्यात सतत धूर ओढणाऱ्या माणसासाठी वेगळं नाव मला दिसलं नाही. धूर असा सलग ओढला जाईल, ही गोष्ट त्या वैद्यांच्या कल्पनेपलीकडची असावी.

तंबाखू आली पोर्तुगीजांबरोबर, आणि तिचा उत्तरेकडचा रस्ता आपल्या दख्खनेतून गेला. विजापूरच्या आदिलशाही दरबारात बोलणी करायला गेलेला अकबराचा दूत असद बेग परतताना तंबाखू आणि तिची नक्षीदार नळी घेऊन गेला आणि १६०४ च्या सुमारास त्याने ती अकबरापुढे ठेवली. बादशहाने थोडे झुरके घेतले, हकिमांनी हरकत घेतली, दरबारात त्यावर वाद झाला. १६१७ साली जहांगीरने तंबाखूवर बंदी आणली. बंदीचं काय झालं ते आपण जाणतोच. तंबाखू दख्खनेतून आग्र्याला गेली आणि चिलमीत बसून खेड्यापाड्यांत परत आली.

चिलमीपाशी मला थोडं थांबावंसं वाटतं. चिलीम एकट्याची नसते. भरणारा एक, वर निखारा ठेवणारा दुसरा, बुडाशी ओल्या फडक्याची छापी गुंडाळून पहिला दम घेणारा तिसरा, आणि मग ती फेरीने फिरते. शिर्डीत साईबाबांच्या मशिदीत ती अशीच भक्तांमध्ये फिरायची. शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रातला प्रसंग तर घरोघरी ठाऊक आहे: अक्षय्यतृतीयेला चिलमीला विस्तव हवा होता, जानकीराम सोनाराने तो दिला नाही, आणि महाराजांच्या सांगण्यावरून भक्ताने नुसती काडी वर धरली तर चिलीम पेटली. या कथेत चमत्काराइतकाच विस्तव नाकारणं हा विषय आहे. आगीसाठी माणसाला माणसाकडे जावं लागे. शेजारी विस्तव मागायला जाणं, वाटेत अनोळखी माणसाला ‘काडी आहे का?’ म्हणून थांबवणं, त्याच्या पेटत्या विडीवर आपली विडी टेकवणं, अशी धूम्रपानाची खरी साखळी माणसामाणसांतून जात होती. एकाच्या विडीने दुसऱ्याची विडी पेटायची. चेन स्मोकर हा माणूस तीच कृती करतो, पण त्याची जुनीही त्याचीच असते आणि नवीही त्याचीच. दोन माणसांत होणारा व्यवहार एका माणसाच्या दोन बोटांत येऊन बसला.

चिलमीच्या त्या फेरीचं मला कौतुक करायचं नाही. तिच्यात गांजा भरला जायचा, ती क्षय एका छातीतून दुसऱ्या छातीत नेत असे, आणि ती सगळ्यांपर्यंत जातच नसे. कुणाचे ओठ लागायचे आणि कुणी दुरून हाताची ओंजळ पुढे करायची, हे जातीने ठरलेलं असे. वाळीत टाकण्याला ‘हुक्का-पाणी बंद’ म्हणत, यातच ती फेरी कशी होती ते कळतं. आबांच्या वडिलांच्या पारावरच्या फेरीत गावातली निम्मी माणसं नव्हती. तरीही त्या फेरीत एक गोष्ट होती, जी आबांच्या विडीत उरली नव्हती. चिलीम पुढे गेली की ती परत येईपर्यंत थांबावं लागे. दोन दमांच्या मध्ये दुसरी माणसं असत. तेवढ्या वेळात माणूस बोले, ऐके, कधी उठून निघूनही जाई. आबांच्या दोन विड्यांच्या मध्ये कुणीच नव्हतं.

मराठीत सलग चालणाऱ्या गोष्टीसाठी एक फार आदराचा शब्द आहे: अखंड. आमच्या गावी दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो, आजूबाजूच्या गावांतही बसतात, आणि त्यांची सगळी घडण गडांच्या परंपरेतली आहे. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर, आठव्या दिवशी काला. याच परंपरेत संत भगवानबाबा घडले. नारायणगडावर तिथले महंत माणिकबाबा यांच्या हाताखाली त्यांची साधना झाली आणि पुढे त्यांनी ज्या डोंगरावर नवा गड उभा केला तो धौम्य ऋषींच्या नावाने ओळखला जाई, लोक त्याला धुम्यागड म्हणत. त्या नावातही धूर आहेच. होमाच्या धुराशी संस्कृतातल्या ‘धूम’ या शब्दाचं जुनं नातं आहे.

सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. सात दिवस, सात रात्री ती कुणा ना कुणाच्या गळ्यात असते. विणेकरी उभा राहतो किंवा मंडपात संथ येरझाऱ्या घालतो, मुखाने नाम चालू. दोन तास झाले की दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. याला पहारा म्हणतात. पहाऱ्याची यादी सप्ताहाच्या आधी फळ्यावर लिहिलेली असते. तार क्षणभरही थांबत नाही, आणि तरी एकाही माणसाला ती दोन तासांपेक्षा जास्त वाहावी लागत नाही. मी पहाऱ्याला पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा दोन तास फार मोठे वाटले होते. आता वाटतं की अखंड चालणाऱ्या गोष्टीला माणसाने घातलेली ही फार शहाणी अट आहे. शंभर माणसं मिळून अखंड राहू शकतात. एकटं शरीर नाही राहू शकत. ते दमतं, खोकतं, रात्री उठून बसतं.

आबा असेच उठून बसू लागले. आधी सकाळचा खोकला, मग जिना चढताना धाप, मग झोपताना दोन उशा. डॉक्टरांनी फुप्फुसाचं जे नाव सांगितलं ते घरात कुणाला म्हणता येईना, म्हणून ‘दमा’ म्हणायचं ठरलं. विडी बंद करा, असं डॉक्टर म्हणाले, तसं ते गावच्या सप्ताहातले कीर्तनकार दरवर्षी म्हणतच होते. कीर्तनात विडी-तंबाखूवर बोलणं आलं की मंडपातल्या बायका खाली मान घालून हसायच्या आणि पुरुष इकडेतिकडे बघायचे. आबा तेव्हा मंडपाच्या कडेला बसायचे, उठून जायला सोपं पडावं म्हणून. कीर्तनकार चुकीचं बोलत होते असं नाही. पण त्या बोलण्याने आबा मंडपाच्या आणखी कडेला सरकत गेले आणि शेवटी मंडपाबाहेर, बाभळीखाली. तिथून नाम ऐकू यायचं आणि विडीही ओढता यायची. पुढे त्यांना गडावर जायलाही दम पुरेना. ते गेले त्या हिवाळ्यातही उशाखाली बंडल होतं.

आता विडी आमच्याकडे कमी झाली आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांत धूर ओढणारे ३.८ टक्के निघाले. याचा आनंद मानावा तर त्याच पाहणीत तंबाखू, मिसरी, गुटखा तोंडात ठेवणारे २४.४ टक्के आहेत. दिवंगत काँग्रेस नेते मुरली देवरा यांनी लावून धरलेल्या याचिकेवर २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली, २००८ च्या गांधी जयंतीपासून देशभर नियम कडक झाले, २०१२ ला राज्यात गुटखाबंदी आली. धूर आवरला, तंबाखू गालात गेली. आमच्या ऊसतोडीच्या टोळ्यांत तर ती आधीपासून तिथेच होती. फडात पाचट वाळलेलं असतं, ठिणगी परवडत नाही. आणि पहाटे तीनला कोयता घेऊन उठलेल्या बाईला भूक मारायला मिसरी लागते. गालातल्या तंबाखूची साखळी कुणाला दिसत नाही. धूर नाही, राख नाही, आणि तिच्यासाठी अजून कुणी नावही शोधलेलं नाही. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मात्र बार्शीच्या रुग्णालयात बीड जिल्ह्यातून सतत जात असतात.

गावच्या सप्ताह कमिटीला मला एक सांगायचं आहे, आणि ते मी पुढच्या बैठकीत उभा राहून सांगणार आहे. व्यसनमुक्तीचं कीर्तन ठेवा, जरूर ठेवा. पण ज्याची विडी सुटत नाही, त्याला मंडपाच्या कडेला बसू देऊ नका. त्याचं नाव पहाऱ्याच्या फळ्यावर लिहा. वीणा गळ्यात असताना एक हात तारेवर असतो, दुसऱ्या हातात चिपळी असते. दोन तास विडी ओढता येत नाही, आणि ती तगमग सहन करताना तो एकटाही नसतो. समोर टाळकरी असतात, मागे पुढचा विणेकरी हातपाय धुऊन तयार असतो. दोन तासांनी कुणीतरी येऊन त्याच्या पाया पडतं. आबांना असं कुणी म्हटलं असतं तर त्यांची विडी सुटली असतीच, असा दावा मी करत नाही. निकोटीनची पकड केवळ मायेने सुटत नाही. त्यासाठी औषधं आहेत, सरकारी दवाखान्यात समुपदेशन आहे, तेही त्यांना मिळायला हवं होतं. पण त्यांना निदान मंडपात तरी बसता आलं असतं.

नाव कुठल्या वेळेला लिहायचं, हेही मी सांगणार आहे. सकाळच्या आणि संध्याकाळच्या पहाऱ्याला सगळे हात वर करतात. रात्री दोन ते चारच्या रकान्यात दरवर्षी माणूस कमी पडतो.